मामा, तुमचा रिपोर्ट सापडला

मामा, तुम्ही गेलात तेव्हा मला अडीच महिने झाले होते. तिसरा पूर्ण झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, असा आईचा हुकूम होता. मी म्हटलं, अगं मामाला तरी सांगू दे. तर म्हणाली, "त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी लागल्यागत पुकारा करंल." खोटं नव्हतं ते, म्हणून मी गप्प बसले. पंधरा दिवसांचाच प्रश्न होता. तेवढ्यात तुम्ही निघून गेलात, आणि आता आईच चुलीपुढं बसून म्हणते, "सांगायला पायजे हुतं गं त्याला." तर सगळ्यात आधी ते सांगते. तुम्ही आजोबा होणार आहात. चौथा महिना सरत आलाय.

दुसरं सांगायचं ते लाजिरवाणं आहे. अंगावर खाकी घालणारी तुमची भाची घाबरली आहे. तुम्हाला जाऊन दीड महिना झाला आणि या दीड महिन्यात मी दिवसातून दहा वेळा स्वतःची नाडी बघते. भोकरच्या ठाण्यात कुणाची तक्रार लिहून घेताना टेबलाखाली बघते. घरी ह्यांना दिसू नये म्हणून न्हाणीत जाऊन बघते. एकदा मोजली की वाटतं चुकली, परत मोजावी. बाई पोटुशी असली की अंगातलं रक्त वाढतं आणि काळजाला काम जास्त पडतं. माझं काळीज तर तुम्हाला ठाऊकच आहे, एकदा त्यानं आपल्या सगळ्या घराला नाचवलंय. ते आता दोन जीवांना पुरेल का, हा एकच प्रश्न डोक्यात घेऊन मी उठते आणि तोच घेऊन झोपते.

आणि तिसरं म्हणजे आपलं शेवटचं बोलणं. रोज सकाळी सातला मी भोकरहून फोन करायची. "गोळी?" "झाली." एवढाच आपला फोन. त्या दिवशी माझं कुठंतरी बिनसलं होतं. मी म्हटलं, "खरं सांगा." तुम्ही म्हणालात, "हाव." मी म्हटलं, "मामा, तुम्ही खोटं बोलता. गोळीच्या बाबतीत तुम्ही कायम खोटंच बोलत आलात." तुम्ही "बरं, माय," म्हणालात आणि फोन ठेवलात. मी रागात तीन दिवस फोनच केला नाही. चौथ्या दिवशी फोन आला तो मामीचा.

आमच्या ठाण्यात लोक भांडण सांगायला येतात ते नेहमी शेवटच्या शिवीपासून सुरू करतात. मी त्यांना म्हणते, पहिल्यापासून सांगा. तर मीही पहिल्यापासूनच सांगते.

बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. नांगरट चालू असताना ते बांधाशी बसले आणि बसल्या जागी आडवे झाले. वय अडतीस. गावानं ठरवून टाकलं की ऊन लागलं. तुम्ही आईला आणि मला तुमच्या घरी घेऊन आलात. मामी दारातच म्हणाली, "दोन तोंडं वाढली तसे चार हात बी वाढले." मामीचं बोलणं असंच, तिखटाची फोडणी. पण ताटात तिनं कधी फरक केला नाही, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन.

तुम्ही अहमदपूर डेपोत मेकॅनिक. दिवसा एसटीच्या पोटाखाली, संध्याकाळी आपल्या चार एकरात. मला पळता येतं हे तुम्हाला डेपोतच कळलं. माझी शाळेची गाडी चुकली होती, मी शिवारातून आडवी पळाले आणि पुढच्या फाट्यावर गाडीच्या आधी जाऊन उभी राहिले. ड्रायव्हरनं तुम्हाला सांगितलं, "तुमच्या भाचीपुढं आमची गाडी हरली." दुसऱ्या दिवसापासून पहाटे मी पुढं आणि तुम्ही सायकलवर मागं. सायकलीची चेन करकरायची. दुनियेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःच्या सायकलीला तेल घालायला वेळ नव्हता, आणि मी हे बोलून दाखवलं की तुम्ही म्हणायचात, "आवाज बंद झाला तर तुला कसं कळंल, मी मागं हाय म्हणून?"

नांदेडला कॉलेजात गेल्यावर मी पाच हजार मीटरला धावायला लागले. पोलीस भरतीचं स्वप्न तुमचं की माझं, हे आता आठवत नाही. शेवटच्या वर्षाला कॉलेजात खेळाडूंची तपासणी झाली. छातीचा ईसीजीचा कागद काढला, मग मला एकटीला थांबवलं आणि हृदयाच्या डॉक्टर मॅडमकडं पाठवलं. तुम्ही रजा टाकून आलात. मॅडमनी मशिन छातीवर फिरवलं आणि विचारलं, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?" मी बाबांचं सांगितलं. त्यांचा हात तिथंच थांबला. तो थांबलेला हात मला अजून दिसतो.

मग त्यांनी आपल्याला समोर बसवून समजावलं. काळजाची भिंत जाड झालीय. ती दोन कारणांनी होते. एक, पळून पळून कमावलेली, तिचं काहीच वाईट नाही. दुसरी जन्माची, आईबापाकडून आलेली, आणि ती असली तर माणूस पळता पळता जाऊ शकतो. नुसत्या चित्रावरून कुठली ते सांगता येत नाही. "तीन महिने व्यायाम पूर्ण बंद ठेवा," मॅडम म्हणाल्या. "कमावलेली असेल तर उतरेल. जन्माची असेल तर आहे तशीच राहील."

तुम्ही खुर्चीच्या टोकावर बसला होतात. "बाई, उभी गाडी लवकर बिघडती," तुम्ही म्हणालात. "ब्याटरी उतरती, टायर बसत्यात. चालती गाडीच नीट ऱ्हाती."

मॅडम हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, "मामा, गाडीचे भाग मेलेले असतात. हे जिवंत आहेत." आणि त्यांनी कागदावर पेशी काढून दाखवल्या. बाळ पोटात असतं तेव्हा काळजाच्या पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढत जातात. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत हे जवळजवळ थांबतं. पुढं आयुष्यभर मोजायला पेशी साधारण तेवढ्याच. लहानाचं काळीज मोठं होतं ते पेशींची गर्दी वाढून नाही, तर एकेक पेशी अंगानं वाढते म्हणून. पळणाऱ्याची पेशी आणखी जाड होते, लांब होते. पळणं थांबलं की ती पुन्हा बारीक होते.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि मान हलवलीत. "पिस्टन झिजतंय, बाई. जाड झालेलं पिस्टन परत बारीक झालेलं म्या बघितलं न्हाई." हा वाद त्या दिवशी सुरू झाला. तुम्ही तो कधीच सोडला नाहीत.

पण बाबांच्या नावानं तुम्हीही घाबरला होतात. गावी आल्यावर तुम्ही माझे बूट फळीवर टाकलेत आणि सगळ्यांना सांगितलंत, मनीचं पळणं बंद. आणि मी पळणं बंद केलं, अगदी प्रामाणिकपणे. फाट्यापर्यंतसुद्धा पळाले नाही. पहाटे उठायची, आईबरोबर विहिरीवरून पाणी आणायची, शेण काढायची, मग रानात. दोन महिन्यांनी सोयाबीन काढायला आलं. मजूर मिळेना. सगळ्या गावाचं एकदमच वाळलेलं, तर मिळणार कुठून? आपण घरच्यांनीच काढलं. साडेतीन एकर. मी विळा चालवला, भारे बांधले, डोक्यावरून वाहून त्यांची बनीम, म्हणजे उंच गंजी, रचली. कमरेत वाकून वाकून संध्याकाळी जेवण जायचं नाही. आणि या सगळ्यात, मामा, तुम्हाला, मला, आईला, मामीला, एकालाही वाटलं नाही की हा व्यायाम आहे. व्यायाम म्हणजे बूट घालून करतात तो. हे तर काम होतं.

तीन महिन्यांनी नांदेडला गेलो. मॅडमनी मशिन फिरवलं. भिंत होती तेवढीच. तसूभर उतरली नव्हती. त्यांनी विचारलं, "व्यायाम पूर्ण बंद होता ना?" मी म्हटलं, "हो." तुम्ही म्हणालात, "एक दिवस पळाली न्हाई, बाई. लेकराची आण." मॅडमनी पेन उचललं आणि लिहायला सुरुवात केली. त्या काय लिहिताहेत ते मला उलटं वाचता येत होतं. पळणं कायमचं बंद, भरती बंद. मला रडू आलं नाही, नुसते कान गरम झाले. तुम्ही माझ्याकडं न बघता भिंतीवरच्या काळजाच्या चित्राकडं बघत होतात.

तेवढ्यात मॅडमनी माझा हात हातात घेतला. धीर द्यायला घेतला असावा. तळवा उलटा केला आणि बघतच राहिल्या. सोयाबीनच्या काडीनं फाटलेला हात, विळ्याचे घट्टे.

"हे कशानं?"

"सोयाबीन काढलं."

"किती?"

"साडेतीन एकर," तुम्ही म्हणालात, तेही जरा अभिमानानं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्या हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि लिहिलेला कागद चुरगळून टाकला. "मामा, काळजाला ग्राउंड कळत नाही आणि रान कळत नाही. त्याला एवढंच कळतं की रक्त जास्त मागतंय कुणीतरी."

"म्हंजी भारा उचलला तरी तेच?"

"तेच."

"घागर?"

"घागरसुद्धा."

परतीला एसटीनं निघालो. लोह्याला गाडी थांबली, तुम्ही खाली उतरून चहा प्यालात, परत आलात आणि म्हणालात, "चुकलो, मने. बाया काम करत्यात ते आपल्याला दिसतच न्हाई." मामा, मी नंतर ठाण्यात, घरात, लग्नात पुष्कळ शहाण्या पुरुषांना ऐकलंय. एवढं एक वाक्य कुणी बोललेलं नाही.

मग सुरू झाले खरे तीन महिने. मी बाजेवर. घागर नाही, भारा नाही, खुरपं नाही. हरभऱ्याची पेरणी झाली, खुरपणी झाली, तूर कापायला आली, आणि ऐन विशीतली धडधाकट पोरगी भरतीची पुस्तकं घेऊन अंगणात बसलेली. येणाऱ्या-जाणाऱ्या बाया थांबून बघायच्या. "पाटलीण झाली का गं?" मामी दोन दिवस फणफणली, तिसऱ्या दिवसापासून त्याच बायांना सुनवायला लागली. आणि माझ्या वाट्याचं काम? ते तुम्ही केलंत. डेपोतून आलात की थेट रानात. माझी पाण्याची घागर तुम्ही खांद्यावरून आणायचात. गडी माणूस विहिरीवरून पाणी आणतोय म्हणून गाव हसलं, तर तुम्ही त्यांना म्हणालात, "डॉक्टरच्या हुकमानं आणून राहिलो. तुमाला हुकूम न्हाई, तुमी बसा."

तीन महिन्यांनी मॅडमनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. भिंत उतरली होती. चांगली ठळक उतरली होती. बाबांना काय झालं होतं ते आता कधीच कळणार नाही, पण माझ्या काळजात ते नव्हतं. आईला तिथूनच फोन करून सांगितलं. आणि तुम्ही मॅडमना विचारलंत, "एवढं मटण गेलं कुठं, बाई?" त्या म्हणाल्या, "कुठं गेलं नाही. पेशी आहेत तेवढ्याच आहेत, काम कमी झालं म्हणून आवरून बसल्यात. काम आलं की परत वाढतील." तुम्ही कबूल केलं नाहीत ते नाहीच. "मशिन बदललं असंल," म्हणालात.

पुढं भरतीत माझं नाव लागलं. गावात पेढे तुम्ही वाटलेत. माझ्या वर्दीचा पहिला सलाम तुमच्या सायकलीला होता, आठवतंय? तुम्ही शरमून घरात पळालात.

नोकरीला लागून बरेच दिवस झाल्यावर मामीनं एक गोष्ट सांगितली. त्या तीन महिन्यांत तूर कापताना तुम्ही एकदा छाती धरून बांधावर बसला होतात. दोन तास बसलात. मामीला दटावलंत की घरी बोलायचं नाही. मला ते ऐकून इतका राग आला, मामा, की मी रजा काढून आले आणि गुन्हेगाराला धरावं तसं तुम्हाला दंडाला धरून नांदेडला नेलं. मॅडमच्या त्याच मशिनखाली तुम्ही बनियन काढून आडवे झालात आणि मला म्हणालात, "सायेब, हातकडी तरी काढा."

तुमचीही भिंत जाड निघाली, चौदा मिलिमीटर. पण ही जाडी वेगळी, असं मॅडम म्हणाल्या. पंधरा-वीस वर्षांचं बीपी, आणि तुम्ही गोळी घेणार डोकं दुखलं तरच. दाबाच्या उलट ढकलून ढकलून पेशी जाड होते, मध्ये मध्ये कडक धागे भरतात आणि काळजाचा मऊपणा जातो. त्यात वय. वय झालं की काही पेशी गळतात. नव्या येतात त्या अगदी थोड्या. मग गळालेलीचं काम शेजारची अंगावर घेते आणि फुगते. आपल्याकडं सावड असते ना, एकाच्या रानात सगळ्यांनी जायचं, एक आजारी पडला तर त्याची पात बाकीच्यांनी उरकायची, तसंच मला ते वाटलं.

तुम्ही शर्ट घालायला गेलात तेव्हा मी मॅडमना हळूच विचारलं, "माझ्या वाट्याचं काम केलं म्हणून झालं का हे?" त्या म्हणाल्या, "नाही. तीन महिन्यांच्या कामानं एवढं होत नाही. हे फार जुनं आहे." मी हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण मी विचारलं हेच तुम्हाला आवडलं नसतं. आणि खरं सांगू, माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला नाही. कुठंतरी आत राहिलंच की माझं ओझं ह्या माणसाच्या छातीवर गेलं.

मॅडमनी सांगितलं, गोळी रोज घेतली तर या वयातसुद्धा भिंत थोडी उतरू शकते. तुम्ही नेहमीसारखी मान हलवलीत. "साठी उलटल्यावर काय बदलतंय, बाई? आता हाय ते हाय." तिथून सुरू झाला माझा सकाळी सातचा फोन. "गोळी?" "झाली." सतरा महिने. माझा विश्वास नव्हता. डोकं दुखलं तरच गोळी घेणारा माणूस एका रात्रीत सुधारत नाही, हे मला पोलिसात शिकवलेलं. तुमचं "झाली" इतकं झटक्यात यायचं की मला ते पाठ केलेलं वाटायचं.

आता ऐका. तेरावा झाल्यावर मामी तुमची पेटी आवरत होती. पान्हे, स्क्रू, बेअरिंगा, आणि खाली बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा. मामीनं उघडला आणि मला हाक मारली. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं. ढीगभर. रबरानं बांधलेल्या गड्ड्या, प्रत्येक गड्डीवर तुमच्या वाकड्यातिकड्या अक्षरात महिना. एकाही पाकिटात एकही गोळी शिल्लक नाही. मला आधी कळेचना की रिकामी पाकिटं कुणी कशाला ठेवेल. मामी म्हणाली, "डेपोची खोड, दुसरं काय. जुना पार्ट जमा केल्याबिगर स्टोरवाला नवा देत न्हाई. तुझ्या मामानं मेडिकलवाल्याला बी तेच केलं. त्यो कट्टाळला, म्हणला घरीच ठेवा."

मी जमिनीवर बसून सगळ्या गड्ड्या बघितल्या. सतरा महिने. एक दिवस चुकलेला नाही. खोटं मी बोलले होते, मामा. शेवटचं बोलणं आपलं ते, आणि त्यात तुम्ही खरे होतात आणि मी तुम्हाला खोटारडं म्हटलं. मला माफ करा. हे तुमच्या तोंडावर म्हणायला पाहिजे होतं, ते आता कागदावर म्हणतेय. त्या दिवशी मी मामीच्या मांडीवर डोकं ठेवून हंबरडा फोडला. लग्नात नव्हते रडले एवढी.

आणि डब्याच्या तळाला, घडी घालून, तुमचा रिपोर्ट सापडला. लातूरचा. दिवाळीनंतरचा. म्हणजे तुम्ही एकटेच पासावर लातूरला गेलात, रांगेत बसलात, मशिनखाली झोपलात आणि कुणाला काही बोलला नाहीत. त्यात भिंत बारा लिहिलेली. नांदेडला होती चौदा. मी मामीकडं बघितलं तर ती पदराआड हसत होती, त्या दुःखातसुद्धा. "मला बोलला हुता," ती म्हणाली. "मनीला सांगू नको, लई उड्या मारंल म्हणला. त्या बाईला तर मुळीच कळू देऊ नको."

हरलात म्हणून लपवलंत ना? जाड झालेलं बारीक होतं, तेही साठीनंतर, आणि ते नेमकं तुमच्याच छातीत झालं. इतकी वर्षं ताणून धरलेला वाद लातूरच्या एका कागदावर हरलात आणि तो कागद रिकाम्या पाकिटांखाली दाबून ठेवलात. तुमच्यासारखा लबाड माणूस मी ठाण्यातसुद्धा बघितला नाही. मी हसत होते आणि रडत होते, आणि आई दारातून विचारत होती की या दोघींना झालंय काय.

तो कागद घेऊन मी मॅडमकडं गेले. तशी माझीही तपासणी होती. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघितले. म्हणाल्या, "मामांच्या काळजानं ऐकलं होतं. गोळ्यांचं काम झालं होतं. ते गेले ते रक्ताची नळी अडकली म्हणून, स्नायू दमला म्हणून नाही." मग मला आडवं केलं. माझं काळीज पुन्हा वाढू लागलंय, असं त्यांनी सांगितलं. मी उठूनच बसले. त्या म्हणाल्या, "झोपा. वाढायलाच पाहिजे. पळताना वाढलं होतं तशाच चांगल्या रीतीनं वाढतंय. बाळंतपण झालं की काही महिन्यांत उतरेल. बाकीच्या बायकांचं पहिल्यांदाच असं वाढतं आणि उतरतं. तुमच्या काळजाला हा रस्ता माहीत आहे." बाळाचं काळीज पण दाखवलं. पडद्यावर एवढंसं काहीतरी भराभरा उघडझाप करत होतं. "ह्याच्या पेशी अजून एकीच्या दोन होताहेत," मॅडम म्हणाल्या. मी विचारलं, मी काय काळजी घेऊ? "जेवा. चाला. भारे उचलू नका, पण बाजेवरही बसू नका. तुमच्याकडं दोन्ही टोकं करून झालीत."

आईला हे पटलं नाही. बाबांच्या आठवणीनं तिचा जीव टांगलेला. मी मोठी रजा काढावी, गावी येऊन बाळंतपणापर्यंत पाय वर करून पडावं, असं तिचं म्हणणं. मीही जवळजवळ तयार झाले होते. मॅडमचं शास्त्र कानाला पटत होतं, पण बोटं मनगटावरून निघत नव्हती.

गेल्या रविवारी गावी आले. हरभरा काढायला आलाय. मामी विळा घेऊन निघाली आणि मी तिच्या मागं. आई ओरडली, "मने, बाजेवर बस." मामी मागं न बघता म्हणाली, "येऊ द्या, वन्सं. ह्या पोरीला एकदा बसवून बघितलंय आपण, घरदार कामाला लागलं हुतं." माझ्या हातात तिनं काही दिलं नाही, पाण्याची बाटली तेवढी. ओढ्याच्या चढाला मला दम लागला. मी थांबले, तीही थांबली. दम बसला, निघालो.

बांधावर बसल्यावर तिनं जागा दाखवली. "हितंच बसला हुता त्यो, दोन तास." मी तिला विचारून टाकलं, जे मॅडमना विचारलं होतं आणि ज्याचं उत्तर मला पचलं नव्हतं. "मामी, माझ्यामुळं झालं का गं?"

मामीनं विळा खाली ठेवला. "येडी का काय? त्या तीन महिन्यात मी त्याला जेवढं खूश बघितलं तेवढं कधीच न्हाई. रानातून आला की पहिलं तुला बघायचा, बसलीस का म्हणून. मला म्हणायचा, माझ्या कामानं पोरीचं काळीज दुरुस्त हुतंय, असलं काम डेपोत कुठं मिळतंय." मग तिनं नाक शिंकरलं, विळा उचलला आणि पात धरली. मी तिच्या पुढ्यातल्या झाडांचे अजून हिरवे राहिलेले घाटे तोडून खात बसले. ऊन चढलं. आम्ही तुमच्याबद्दल बोललो, डेपोबद्दल बोललो, पोरगी झाली तर आणि पोरगा झाला तर कुणाचं नाव ठेवायचं यावरून भांडलो. मामीचा हट्ट तुमच्या नावाचा आहे. मी म्हटलं, तेवढा लबाड निघाला तर काय करायचं?

दुपारी घरी आलो तर आई गाल फुगवून भाकरी करत होती. मी हात धुऊन पाटावर बसले, तिनं ताट पुढं सरकवलं, आणि पहिला घास मोडताना माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी एकदाही नाडी बघितलेली नाही. एकदाही नाही, मामा. चढाला दम लागला तेव्हासुद्धा नाही. भूक सडकून लागली होती. दोन भाकरी खाल्ल्या, आणि आईनं तिसरी वाढली, तीही खाल्ली.